काठीशिवाय

रविवार, ६ फेब्रुवारी १९४४

कॉयर गेला माझ्याकडून.

रविवारची मिस्सा झाल्यावर फादर फ्रेडरिकनी देवळाच्या कॉयरमधल्या सगळ्या गाणाऱ्यांना शाळेच्या मोठ्या वर्गात बसवलं. मुलांच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसं – गुडघे छातीशी. बोलायला सिप्रियन उठला. तो मुंबईला गोदीत मुकादम आहे. आठवडाभर तिकडे, शनिवारी संध्याकाळी गावी. आवाज असा की खिडकीखालच्या कोंबड्या पांगल्या.

"मास्तरांविषयी माझ्या मनात काय वाकडं नाय," तो म्हणाला. "पन नाताळला सगळ्यांसमोर आपली लाज गेली. होळी गावची मानसं आलेली, ती हसत गेली. तालमीला कोन उशिरा येतो, कोन येतच नाय. मास्तर कोनाला काय बोलत नाय. शांत मानूस घरात चांगला. कॉयर चालवायला नाय."

कोणी हसलं नाही, कोणी विरोधही केला नाही. म्हणजे पटलं होतं.

नाताळचं खरं आहे. ग्लोरियाच्या गीताच्या मध्यावर व्हायोलिनवरचा माझा गज थांबला. जिथे आमची कार्मिन एकटी गायची, तिथे मी थांबलो आणि वाट बघत राहिलो. कशाची ते सांगता येणार नाही. मग पुरुष एकीकडे, मुली दुसरीकडे, सगळंच कोसळलं. फादरनी आल्तारावरून पुढची प्रार्थना सुरू केली म्हणून निभावलं.

फादर मला म्हणाले, "फर्डिनंड मास्तर, तुमचं काय म्हणणं?"

"काही नाही."

आधी बाबांनी चालवला कॉयर, मग मी. बाबांची ताल धरायची वेताची काठी होती. मी ती कधी हातात घेतली नाही, कॉयरच्या कपाटावर पडून होती. कपाटाच्या किल्लीबरोबर तीही सिप्रियनला दिली.

बाहेर पडताना दोघंतिघं खांद्यावर हात ठेवून गेले. केवढा शांतपणा, म्हणे. दुसरा असता तर भांडला असता.

मला काही वाटलं नाही. हे इथे लिहितो, कारण कोणाला सांगण्यासारखं नाही. वाईट वाटलं नाही, सुटल्यासारखंही वाटलं नाही. पाण्यात हात घालावा आणि गरम की गार ते कळू नये, तसं.

सोमवार, ७ फेब्रुवारी

शाळा. तिसरीला भागाकार. सोमवार तालमीचा वार – संध्याकाळी पाय आपोआप देवळाकडे वळले. देवळापुढच्या मोकळ्या सड्यापर्यंत गेल्यावर आठवलं. परत आलो.

गुरुवार, १० फेब्रुवारी

इझाबेल आज बोलली. दाराशी बसून बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली –

"गावात सगळे तुमचं नाव काढतात. शांत मानूस, देवमानूस. मला एक सांगा. तुमी शांत, का आतून विझलेले? मला कळत नाय. कॉयर गेला, तुमी काय बोलला नाय. पोरगी गेली, तवाही काय बोलला नाय."

कार्मिन आमची, माझी नि इझाबेलची, एकुलती मुलगी. सप्टेंबरात विषमज्वराने गेली. सोळा पुरी व्हायची होती. तेव्हापासून इझाबेल देवळात आलेली नाही. मी जातो. जातो, गुडघे टेकतो, उठतो.

"मला एवढा शांत मानूस नको घरात," ती म्हणाली.

  मी विचारलं, "रॉकेल संपत आलंय का?"

ती उठून हात धुवायला गेली.

शनिवार, १९ फेब्रुवारी

सिप्रियनची पहिली तालीम. मी पुरुषांच्या मागच्या ओळीत बसलो, सगळ्यांसारखा. सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. मग विसरले.

खरं लिहायचं तर तालीम चांगली झाली. सगळे वेळेवर. माझ्या वेळी अर्धी मंडळी दिवेलागण झाल्यावर यायची. सिप्रियन काठी बाकावर आपटतो, एकेक ओळ घोटून घेतो, एकजण चुकला तर सगळ्यांना परत. गोदीतल्या टोळीला वजन उचलायला लावावं तसं. पण त्याला गाणं कळतं. कोण कुठे घसरतोय ते त्याला बरोबर कळतं – आणि तो ते सांगतो. मला कळायचं, मी सांगायचो नाही. पुढच्या वेळी आपोआप सुधारेल म्हणायचो.

 

बुधवार, २३ फेब्रुवारी

कपाळाला राख. उपवासकाळ सुरू. आता ईस्टरपर्यंत देवळात वाद्य नाही, व्हायोलिन पेटीत. बरंच झालं.

रविवार, ५ मार्च

आज ॲन्सेल्मकाकांना काढलं.

काका बाबांचे दोस्त. केळीची वाडी आहे त्यांची, आमच्या आळीच्या टोकाला. बाबांच्या काळापासून पुरुषांच्या पहिल्या ओळीत उभे राहतात. गेल्या काही वर्षांत त्यांचा सूर उतरतो. वरच्या जागेला पोचत नाहीत, खालीच राहतात, आणि शेजारच्या दोघातिघांना बरोबर घेऊन उतरतात.

सिप्रियनने एकेकाला उभं करून गायला लावलं. काकांची पाळी आली. त्यांनी टोपी काढून बाकावर ठेवली, छाती पुढे काढली आणि मन लावून गायले. गाऊन झाल्यावर सिप्रियनकडे बघून हसले.

"काका, तुमचा आवाज गेला," सिप्रियन म्हणाला. "सगळ्यांना खाली ओढता तुमी. आता खाली लोकांत बसून ऐका."

मागून कोणीतरी कुरकुरत्या रहाटाचा आवाज काढला. एकजण हसला. मग बरेच.

काकांनी टोपी घेतली. देवळात गाणाऱ्यांचा माळा आहे, त्यावरून खाली उतरायचा तो लाकडी जिना – पायरी न् पायरी वाजली. कोणी काही बोललं नाही.

मीसुद्धा.

मंगळवार, ७ मार्च

शाळा सुटल्यावर काकांच्या वाडीत गेलो. ते घडाने वाकलेल्या एका केळीला बांबूचा टेकू लावत होते. मी दुसरं टोक धरलं. बराच वेळ तेच काम. मग त्यांनी विचारलं –

"सिप्रियन खोटं बोलला काय?"

"नाही."

"म्हंजे माझा सूर पडतो."

"वरच्या जागी पडतो, काका. खाली नाही."

"कधीपासून?"

"तीन-चार वर्षं झाली असतील."

त्यांचा हात थांबला. "आनि तुला ठावूक होतं."

"हो."

"दर रविवारी तू मला सांगायचास, छान झालं काका."

मी म्हटलं, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.

"कोनाला वाईट वाटेल म्हनून? मला, का तुला?" ते ओरडले नाहीत. टेकूची गाठ आवळत होते. "सिप्रियनने मला एका दिवसात लाज आनली. तुझ्या राज्यात लोक मागे किती वर्सं हसले असतील, आनि मी पुढे उभा राहून गातोय. तुझ्या बापाने मला शिव्या घातल्या असत्या. पन सांगितलं असतं."

मग आत जाऊन त्यांनी मला केळी आणून दिली. वाडीत आलेल्याला रिकामं पाठवत नाहीत ते. मी घेतली.

बुधवार, ८ मार्च

झोप नाही. सप्टेंबरपासून रोज उडते तशी नव्हे – ही वेगळी.

लोक ज्याला माझा शांतपणा म्हणतात त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, असं वाटायला लागलंय. सप्टेंबरनंतरचं एक – ते काय आहे मला माहीत नाही, तिथे सगळं बधिर आहे. पण काकांची गोष्ट त्याआधीची. तेव्हा कार्मिन होती, घरात हसणं होतं, मी जागा होतो. तेव्हाही बोललो नाही. कोणाचा चेहरा पडलेला मला बघवायचा नाही, एवढंच. त्याला मी मायेने वागणं म्हणायचो.

गुरुवार, ९ मार्च

सकाळी शाळेआधी पुन्हा वाडीत. काकांना म्हटलं, शिकवतो. ते म्हणाले, "या वयात?" मी म्हटलं, "हो."

मंगळवार, १४ मार्च

रोज सकाळी विहिरीजवळ. ते पाणी सोडतात बागेला, मी काठावर बसतो. एक ओळ ते गातात, मी थांबवतो. "चुकलं." हा शब्द तोंडातून काढणं मला जड जातं. तरी काढतो. आवाज न चढवता. पण काढतो.

आज ते चिडले. फावडं टाकून दिलं. "तुझा बाप बरा, एक शिवी देऊन मोकळा व्हायचा. तू असा हळू हळू सोलतोस."

"परत," मी म्हटलं.

त्यांनी फावडं उचललं. मग परत गायले. या वेळी बरं होतं, आणि मी तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "खरंच, का पूर्वीसारखं?"

"खरंच."

गाण्याच्या जागा वाटून घेतल्या आम्ही. खालच्या जागा त्यांच्या – तिथे त्यांच्यासारखा भरीव आवाज पुऱ्या कॉयरमध्ये नाही. वरच्या जागा आल्या की तोंड मिटून उभं राहायचं.

"गप उभं राहायलापन शिकवतोस काय मला?"

"हो. तेच कठीण आहे."

काकांना हसू आलं. मला नाही आलं, पण ऐकायला बरं वाटलं. बरं वाटलं असं लिहिलं खरं. खात्री नाही.

शनिवार, १८ मार्च

सिप्रियनला वाटेत गाठलं. गाडीतून उतरून येत होता, खांद्यावर पिशवी. म्हटलं, ॲन्सेल्मकाकांना एकदा परत ऐक.

"कॉयर तुमी चालवत नाय आता, मास्तर."

"माहीत आहे. म्हणून तर तुला विचारतोय."

तो चालत राहिला. पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेत म्हणाला, "ऐकतो. पन तोंड बघून घेनार नाय."

ऐकलं. काकांनी खालच्या जागा गायल्या, वरच्या सोडल्या. टोपी हातात घट्ट धरून गप उभे राहिले. सिप्रियनने मान हलवली. "मागच्या ओळीत उभे राहा." एवढंच. खोटा माणूस नाही तो. चांगलं ते चांगलं म्हणतो.

काका माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. जाताना म्हणाले, "उद्या सकाळी ये."

शनिवार, २५ मार्च

कॉयर गळतोय. आज पुरुषांत मोठी भोकं. कोणाची बायको आजारी, कोणाची बैलगाडी मोडली. खरं कारण सगळ्यांना ठाऊक. सिप्रियन एकेकाचं नाव घेऊन लागट बोलतो. जे आले ते चुकू नये म्हणून अर्ध्या आवाजात गातात, आणि तो म्हणतो, मोठ्याने. त्याचाही घसा बसलाय.

गुड फ्रायडेच्या, येशूच्या दुःखसहनाच्या गीतांवर सगळं अडलंय. मुलींची एक जागा आहे, वर चढत जाणारी, ती बसत नाही.

रविवार, २६ मार्च

सिप्रियनची बायको आली होती, क्लेमेंटीन. इझाबेलजवळ बसली, पण बोलायचं होतं माझ्याशी.

"मास्तर, तुमी त्यांना काय सांगू शकला तर बघा. मुंबईला लढाईमुळे दिवसाला दिवस नाय, जहाजांवर जहाजं. वरचे साहेब यांच्यावर ओरडतात, हे मानसांवर. तसंच घरी आनतात. पोरांवर ओरडतात, मग मागच्या अंगनात जाऊन एकटे बसतात."

मी म्हटलं, बघतो. ती गेल्यावर इझाबेल म्हणाली, "बघतो म्हंजे काय करनार?"

"माहीत नाही."

"निदान हे तरी बोलला," ती म्हणाली.

शनिवार, १ एप्रिल

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

आज सगळे होते – पुढचा आठवडा पवित्र आठवडा, म्हणून फादरनीच घरोघर निरोप पाठवलेला. मुलींची ती जागा आली. चुकली. परत. चुकली. परत. पुढच्या बाकावरची एक पोर रडकुंडीला आली होती, तिच्या तोंडातून स्वरच निघेना. सिप्रियन तिच्यासमोर गेला आणि काठी बाकावर हाणली. तिची बोटं तिथेच होती. तिने ती वेळेवर मागे घेतली.

"सातजनी हायत तुमी!" तो म्हणाला. "गेल्या वर्षी मास्तरांची पोरगी एकटी गायली ही जागा. एकटी. मेलेल्या पोरीएवढंपन जमत नाय तुमा सातजनींना?"

मुलींनी माना खाली घातल्या. सिप्रियनलाही कळलं आपण काय बोललो ते. पण काठी वरच होती. ती खाली कशी आणायची ते त्याला कळत नव्हतं.

मी उठलो. बाकांमधून वाट काढत त्याच्यापर्यंत गेलो. तो माझ्याहून वीतभर उंच आहे. हात पुढे केला.

"काठी दे."

"मास्तर, बसा जाग्यावर."

"बसतो. आधी काठी दे."

त्याने फादरना बोलवायची भाषा केली. कॉयर कोणाचा ते विचारलं. मी हात तसाच ठेवला. मला एकच वाक्य येत होतं, ते मी पुन्हा म्हटलं. "काठी दे, सिप्रियन."

दिली त्याने.

मी ती गुडघ्यावर मोडली नाही, खिडकीतून फेकली नाही. नुसती खाली धरली. म्हटलं, "आता पुढे चालव. कॉयर तुझाच आहे. काठीशिवाय चालव."

त्याच्या तोंडाचा रंग गेला. तो जिन्याने खाली उतरला आणि निघून गेला.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकजण म्हणाला, मास्तर, आता तुम्हीच घ्या. मी म्हटलं, आजच्यापुरता घेतो. त्या पोरीला जवळ बसवलं, ती जागा हळू म्हणून दाखवली. मग सातजणींना. घाई केली नाही, पण चुकलं तिथे चुकलं म्हटलं, प्रत्येक वेळी. दिवा लावायच्या आत जागा बसली.

लिहिणार होतो की मला काही वाटत नव्हतं, म्हणून जमलं. ते खोटं आहे. गुडघे कापत होते. घरी येईपर्यंत कापत होते. इझाबेलने विचारलं, ताप आलाय का. तिला सगळं सांगितलं, सिप्रियन जे बोलला तेही. ती ऐकत राहिली. पेज वाढली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा.

रविवार, २ एप्रिल

झावळ्यांचा रविवार. सिप्रियन मिस्साला नव्हता. दुपारी मी त्याच्या घरी गेलो. मागच्या अंगणात एकटाच बसला होता. मला बघून उठला नाही. क्लेमेंटीनने पाट आणून दिला.

"सगळ्यांसमोर लाज आनलीत माझी," तो म्हणाला.

"हो. आणली."

त्याची अपेक्षा असावी की मी नाही म्हणेन.

"त्या पोरीच्या हाताला लागलं असतं," मी म्हटलं. "आणि तू जे बोललास ते मला लागलं. दोन्ही तुला सांगायला आलो. आणि उद्यापासून तालीम आहे, तुला तिथे बोलवायला आलो."

त्याने नखाने जमीन उकरली. मग बोलायला लागला तेव्हा आवाज इतका खाली की मला पुढे वाकावं लागलं.

"तुमच्या पोरीच्या पेटीला मी खांदा दिलेला. मी रडत होतो, सगळे रडत होते. तुमी नाय. तुमी मातीची मूठ टाकली आनि हात झटकले. मला वाटलं, या मानसाला काय लागतच नाय. तिथून माझ्या मनात तुमच्याविषयी राग. तुमचं ते शांत तोंड बघितलं की डोकं फिरायचं."

हात झटकलेले मला आठवत नाहीत.

"मला वाटतं मला लागतं," मी म्हटलं. "कुठे लागतं ते सापडत नाही."

त्याने मान वर केली. क्लेमेंटीनने चहा आणला, गुळाचा. तो प्यायलो.

निघताना त्याने विचारलं, "काठी कुठाय?"

"माझ्याकडे."

"ऱ्हाऊ द्या तिथेच."

गुरुवार, ६ एप्रिल

सिप्रियनने आठवड्याची रजा काढली आहे. रोज तालीम. त्याला हातांचं काय करावं ते कळत नाही. कधी खिशात, कधी कमरेवर. आज एकजण चुकला. सिप्रियनने तोंड उघडलं, मिटलं, आणि त्याच्याजवळ जाऊन ती ओळ त्याच्याबरोबर म्हटली. काका माझ्या कानात म्हणाले, "यालापन गप ऱ्हायला शिकवलंस काय?"

मी नाही शिकवलं.

शुक्रवार, ७ एप्रिल

गुड फ्रायडे. पुऱ्या गावाने ऐकलं. वाद्य नाही, घंटा नाही, नुसते गळे. सिप्रियन पुढे, मी मागे. मुलींची जागा वर चढत गेली आणि थांबली नाही. काकांच्या खालच्या ओळींनी देवळाची जमीन भरून गेल्यासारखी वाटली. एका वरच्या जागेला त्यांनी सवयीने तोंड उघडलेलं मी पाहिलं. मिटलं त्यांनी.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. पण ऐकू आलं सगळं, शब्द न् शब्द. गेले कित्येक महिने मी गात होतो आणि मला ऐकू येत नव्हतं.

खाली दाराजवळ, खांबाला टेकून, इझाबेल उभी होती. डोक्यावर पदर. मी जिना उतरून येईपर्यंत ती घरी गेलेली होती.

रविवार, ९ एप्रिल

ईस्टर. व्हायोलिन काढलं. ग्लोरिया शेवटपर्यंत वाजवला.

मिस्सानंतर होळी गावच्या मंडळींनी सिप्रियनचा हात हातात घेतला. तो म्हणाला, "मास्तरांचा घ्या," आणि बाजूला झाला. मी म्हटलं, त्याचाच घ्या. शेवटी त्यांनी ॲन्सेल्मकाकांचा घेतला, आणि काका सगळ्यांना जिना कसा जपून उतरायचा ते सांगत बसले.

जेवायला सिप्रियन आणि क्लेमेंटीन आमच्याकडे. इझाबेलने बोलावलं, मला न विचारता. सिप्रियन म्हणतो, मे महिन्यातल्या सणाला नवीन मिस्साची गाणी बसवायची. अर्धी तालीम त्याने घ्यायची, अर्धी मी. "आठवडाभर तुमी, शनिवारी मी. तुमी त्यांना समजवा, मी त्यांना जागं ठेवतो." हसला. मीही हसलो बहुतेक. इझाबेल माझ्याकडे बघत होती.

सोमवार, १० एप्रिल

पहाटेच्या गाडीने सिप्रियन मुंबईला. रजा संपली.

गुरुवार, १३ एप्रिल

नवीन मिस्साचे सूर फळ्यावर लिहिले. पोरं विचारतात, मास्तर, हे कुठलं गणित.

शुक्रवार, १४ एप्रिल

शाळा सुटल्यावर वर्गाच्या खिडक्या थरथरल्या. दक्षिणेकडून जड आवाज, ढग गडगडल्यासारखा. आभाळ मात्र स्वच्छ. थोड्या वेळाने पुन्हा, आणखी जड. बाजारातले पानवाले म्हणाले, जपानी आले. कोणी म्हणे समुद्रात काही फुटलं. संध्याकाळी मुंबईच्या बाजूला आभाळ तांबडं होतं, सूर्य मावळल्यावरही.

शनिवार, १५ एप्रिल

गोदीत जहाज फुटलं. दारूगोळ्याचं होतं, आग लागली, मग एकामागून एक. मुंबईहून आलेली माणसं नीट सांगत नाहीत. फक्त म्हणतात, तिथे काही उरलं नाही.

संध्याकाळच्या गाडीने सिप्रियन आला नाही. पुढच्या गाडीनेही नाही. कॉयर माळ्यावर जमला होता. मी तालीम घेतली नाही. सगळ्यांनी मिळून रोजारची जपमाळ म्हटली.

क्लेमेंटीन आमच्या ओट्यावर बसून आहे. इझाबेलने तिच्या पोरांना जेवू घालून आमच्याकडेच झोपवलं. ती क्लेमेंटीनला म्हणाली, "उद्या मास्तर येतील तुझ्यासंगती." मला विचारलं नाही. मी जाणारच होतो.

रविवार, १६ एप्रिल

दिवसभर इस्पितळं. तिथे आणलेल्यांची नावं कोणाला माहीत नाहीत. मेलेल्यांवरच्या चादरी उचलून बघायला लावतात. क्लेमेंटीनला बाहेर बसवून मी बघितलं. तो नव्हता. आज मुक्काम तिच्या मामांच्या खोलीवर. हवेत अजून धूर आहे.

सोमवार, १७ एप्रिल

सापडला. जिवंत.

लांबलचक वॉर्डाच्या टोकाला, खिडकीजवळच्या खाटेवर, आमच्याकडे पाठ करून बसला होता. डोक्याला पट्ट्या, दोन्ही कानांवरून. क्लेमेंटीन दारातच खाली बसली, तिला पाऊल उचलवेना. मी पुढे गेलो. "सिप्रियन," म्हटलं, नेहमीसारखं. हलला नाही. आणखी जवळ जाऊन म्हटलं. नाही. मग मी ओरडलो. छातीतून, पोटातून, होता नव्हता तेवढा आवाज लावून त्याचं नाव घेत राहिलो, आणि तोंडावरून पाणी वाहत होतं. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

तो नाही वळला.